मुद्दाम, चुकून आणि माहीत असून

मास्तर : पोरांची भांडणं सोडवण्यात माझी नोकरी गेली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाची पाटी फुटली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "मुद्दाम केलंस का?" आणि पोर रडत म्हणणार, "नाही गुरुजी, चुकून झालं." या दोन शब्दांवर माझी शाळा चालली. तुमचा फौजदारी कायदाही यांच्यावरच चालतो, असं तुम्ही सांगता. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडची एक गोष्ट दोन्हींत बसत नाही. धान निसवायला लागलं की रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरतात. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत चिखलात जाते. मग एखादा शेतकरी धुऱ्यावर खुंट्या ठोकतो, बारीक तार फिरवतो आणि अंधार पडल्यावर जवळच्या लाइनीवर आकडा टाकतो. डुकरासाठी. पहाटे त्या तारेला कधी डुक्कर चिकटलेलं असतं, कधी वाघ, कधी बैल शोधायला निघालेला शेजारी. शेजाऱ्याशी त्याचं वैर नव्हतं. त्याला मारायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मग हे मुद्दाम की चुकून? आणि चुकून म्हटलं, तर शेजाऱ्याच्या बायकोला काय सांगायचं?

वकील : तुमच्या दोन शब्दांच्या मध्ये कायद्यानं आणखी काही पायऱ्या बांधल्या आहेत, मास्तर, आणि माझ्या मते माणसानं बांधलेल्या उत्तम गोष्टींपैकी ही बांधणी एक आहे. आधी मूळ सांगतो. गुन्ह्याला दोन अंगं लागतात, हातानं घडलेली कृती आणि त्या कृतीमागचं दोषी मन. एकटं मन पुरत नाही. कुणी रात्रभर शेजाऱ्याचा मृत्यू चिंतीत पडला, तरी पोलिसांना त्याच्या दारात यायचं कारण नाही. एकटी कृतीही पुरत नाही. झोपेत हात लागून दिवा पडला आणि घर पेटलं, तर तो जाळपोळ करणारा ठरत नाही. १८६० च्या दंड संहितेनं 'दोषी मन' असा एकच मोघम शब्द वापरला नाही. प्रत्येक कलमात तिनं मनाची नेमकी अवस्था घातली : उद्देश, जाणीव, अप्रामाणिकपणा, कपट, हयगय. २०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण ही मांडणी तशीच राहिली. तुमच्या तारेचा प्रश्न 'मुद्दाम' आणि 'चुकून' यांच्यामधल्या पायरीवर उभा आहे. तिला तुमच्या भाषेत म्हणा, 'माहीत असून'. माणूस मरावा असं त्याला वाटत नव्हतं, पण उघड्या तारेत लाइनीचा करंट सोडला तर जो शिवेल तो मरेल, हे त्याला ठाऊक होतं. ही जाणीव सिद्ध झाली तर तो सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. सिद्ध झाली नाही, नुसती बेफिकिरी दिसली, तर हयगयीनं झालेला मृत्यू. जुन्या कायद्यात त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती, आता पाच आहेत.

मास्तर : म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षं एका प्रश्नावर टांगलेली, त्या रात्री त्याच्या डोक्यात काय होतं?

वकील : हो. आणि प्रश्न नवा नाही. बिहारमधल्या एका माणसानं शेजारीण आपला संडास वापरते म्हणून त्या वाटेवर तांब्याची उघडी तार लावून वीज सोडली. शेजारीण मेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९६३ मध्ये निकाल लागला. माझी जागा, माझं रक्षण, असा त्याचा बचाव होता. न्यायालयानं तो फेटाळला. आगंतुक माणूस आगंतुक आहे म्हणून त्याचा जीव वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यानं इशाराही दिला नव्हता. तरी शिक्षा झाली ती हयगयीच्याच कलमाखाली. खून म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. एवढं बारीक तोलणं दुसरं कोण करतं? गावकीच्या न्यायात तर मेलेला दिसतो आणि मारणारा दिसतो, मधलं काही दिसत नाही.

मास्तर : तोलणं बारीक आहे, मान्य. पण काटा कुणाच्या हातात आहे ते पाहा. मन दिसत नाही, वकीलसाहेब. तुम्ही ते बाहेरच्या खुणांवरून वाचता. हत्यार कोणतं, घाव कुठं, आधी भांडण झालं होतं का, नंतर पळाला का. आणि या खुणा कागदावर उतरतात त्या पंचनाम्यातून आणि जबाबातून. गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागडचा माडिया माणूस आपल्या भाषेत बोलतो. कुणीतरी त्याचं मराठी करतं. पुढं वरच्या कोर्टात त्याचं इंग्रजी होतं. "करंट होता" या दोन शब्दांचं कागदावर "करंट लागून माणूस मरू शकतो याची मला पूर्ण कल्पना होती" असं होऊन बसतं. मनाचा तपास म्हणता तो त्या मनाच्या तिसऱ्या नकलेचा तपास असतो.

वकील : म्हणूनच पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब न्यायालय पुरावा म्हणून घेत नाही. ही भीती कायद्यालाही होती.

मास्तर : पोलिसांपुढचा घेत नाही. पण वन्यजीव कायद्यात सहायक वनसंरक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा खटल्यात चालतो. आमच्याकडं माणसाला पोलिसांपेक्षा वनखात्याचा माणूस जास्त वेळा भेटतो.

वकील : हे तुमचं खरं आहे. त्यावर मी लढतोही. पण नक्कल वाईट असते म्हणून मूळ वाचायचंच नाही, असं तुम्ही म्हणू नका. मूळ वाचायचा आग्रह धरल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण देतो. १९५२ मधलं. तेव्हा मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय नागपूरला होतं. कायद्याच्या पुस्तकांत हा चिरंगी खटला म्हणून आहे. एक विधुर माणूस आपल्या एकुलत्या एका मुलाला घेऊन डोंगरावर पानं गोळा करायला गेला. पायात गळू, अंगात ताप, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या तापात त्याला समोर वाघ दिसला आणि त्यानं कुऱ्हाड चालवली. वाघ नव्हता, पोरगा होता. कृती पाहाल तर बापानं पोराला कुऱ्हाडीनं मारलं. घाव, हत्यार, प्रेत, सगळं जागच्या जागी. मनाचा प्रश्न काढून टाका, म्हणजे हा खुनी ठरतो. नागपूरच्या न्यायाधीशांनी डॉक्टरांचं ऐकलं, बाप-लेकाचं नातं पाहिलं आणि त्याला निर्दोष सोडलं. आपण वाघाला मारतोय असंच त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. मास्तर, मी हा निकाल वाचतो तेव्हा माझ्या धंद्याबद्दल मला आदर वाटतो.

मास्तर : मलाही वाटला, तुम्ही सांगताना. पण मग पुढचा प्रश्न अवघड होतो. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळलं, आणि पकडली गेली ती त्यांच्याच ओळखीची माणसं. त्याआधी २०२१ मध्ये आपल्या जिवती तालुक्यात, वणीला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भर चौकात बांधून मारलं. मारणाऱ्यांच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. यांच्या करणीनं आपली लेकरं मरतात, हे त्यांना त्या बापाला वाघ दिसला तितकंच खरं वाटत होतं. प्रामाणिक समजुतीनं बाप सुटतो, मग हे का नाही? उत्तर 'त्यांची समजूत अडाणी' असं असेल, तर तो मनाचा न्याय नव्हे, शिकलेल्यांनी न शिकलेल्यांचा केलेला न्याय आहे.

वकील : उत्तर तसं नाही. कायद्याची कसोटी अशी : जे खरं वाटलं ते खरोखर खरं असतं, तर ती कृती कायदेशीर ठरली असती का? त्या डोंगरावर खरंच वाघ असता, तर वाघावर कुऱ्हाड चालवणं गुन्हा नव्हता. आजही नाही, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्हेतूनं मारला तर वन्यजीव कायदा माफी देतो. आता बारसेवाडा घ्या. ती बाई खरोखर करणी करत होती असं घटकाभर धरून चाला. तरी तिला जाळायचा अधिकार कुणाला मिळतो? कुणालाच नाही. बापाची चूक वस्तुस्थितीबद्दलची होती, समोर काय आहे याची. इथं समोर माणूस आहे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि त्या माणसाला मारायचं हेच ठरलं होतं. गाव वाचवायचा होता, हा हेतू. मारायचं होतं, हा उद्देश. आपण रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द अदलाबदल करतो, कायदा करत नाही. चांगल्या हेतूनं शिक्षा थोडी कमी होईल कदाचित, गुन्हा पुसला जात नाही.

मास्तर : कसोटी मला पटली. ती अडाण्याला आणि शहाण्याला सारखीच लागते, हे त्यातलं चांगलं. पण तुम्ही मनाची एवढी महती सांगता, तर तुमचाच कायदा अर्ध्या वेळी मनाकडं पाठ का फिरवतो? ब्रह्मपुरीहून वडसाला जायचं तर मध्ये वैनगंगा. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. म्हणजे आज अलीकडच्या काठावर पिशवीतली बाटली ही बाटली असते आणि पूल ओलांडला की गुन्हा होते. बाटली तीच, माणूस तोच, मन तेच. बाटली ताब्यात सापडली की पुढचं गृहीत धरलं जातं, आणि आपण निर्दोष आहोत हे त्यानं दाखवायचं. वाघाच्या कातड्याचं तसंच, नखाचं तसंच. वन्यजीव कायद्याचं सत्तावन्नावं कलम सांगतं, ताब्यात सापडलं तर ते बेकायदा आहे असं धरा, नसल्याचं आरोपीनं सिद्ध करावं. आणि तारेवर माणसाऐवजी वाघ चिकटला तर? किमान तीन वर्षं, कमाल सात. तुम्हीच सांगितलंत, हयगयीनं माणूस मेला तर परवापरवापर्यंत कमाल दोन.

वकील : वाघाच्या बाबतीत न्यायालयापुढं युक्तिवाद होतो, की शिकार या शब्दातच मारण्याचा उद्देश आला, आणि याला वाघ मारायचाच नव्हता. समोरून उत्तर येतं, की रानडुक्करही वन्यप्राणीच आहे, परवान्याशिवाय तेही मारता येत नाही, आणि मारायचा उद्देश तर होताच.

मास्तर : म्हणजे डुकराबद्दलचा उद्देश उसना घेऊन वाघाला चिकटवायचा.

वकील : कायद्याचा हा भाग मलाही बोचतो, त्याचं समर्थन मी पूर्ण मनानं करणार नाही. पण तो का आला ते सांगतो. १९६२ च्या नोव्हेंबरात झुरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन माणूस मुंबईच्या विमानतळावर पकडला गेला. अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोनं. सोन्याबद्दलचा नवा नियम राजपत्रात येऊन चार दिवस झाले होते, तो त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयानं त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये बहुमतानं दोषी धरलं, न्यायमूर्ती सुब्बाराव विरोधात राहिले. बहुमताचा विचार असा, की देशाचा परकीय चलनाचा साठा वाचवायचा आहे, प्रत्येक तस्कराच्या मनात शिरत बसलो तर कायदाच निकामी होईल. दारूचं तेच, कातड्यांच्या व्यापाराचं तेच. कातडं घेऊन जाणारा प्रत्येक जण म्हणणार, पिशवीत काय आहे मला माहीत नव्हतं.

मास्तर : मग त्याला शिक्षा म्हणू नका. राजुऱ्याकडच्या त्या वाघाचं आठवा. माणसं मारली म्हणून २०२० मध्ये त्याला पकडून नागपूरजवळच्या गोरेवाड्याला, पिंजऱ्यात, नेलं. लोक म्हणाले, जन्मठेप झाली. पण ती शिक्षा नव्हती. वाघाला दोष नसतो, धोका असतो. धोक्याला पिंजरा पुरतो. मन न विचारता माणसाला आत टाकता, तेव्हा तुम्ही त्याला वाघासारखं वागवता : दोषी म्हणून नाही, नडतो म्हणून. पूर्वी आमच्याकडं बांबू तोडणारा असाच नडायचा. बुरडाच्या सुपासाठी तोडला की व्यापाऱ्यासाठी, कुणी विचारत नव्हतं. २०११ ला लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती बांबूचा वाहतूक परवाना आला, तेव्हा कुठं कालचा चोर मालक झाला. त्याच्या मनात काहीच बदललं नव्हतं. मला तर वाटतं, मन विचारायची चैन खुनाच्या खटल्यात आहे. गरीब माणूस जिथं रोज अडकतो तिथं नाही.

वकील : तर मग आपण एका बाजूचे झालो, मास्तर. मी म्हणतोच आहे, मन विचारा, सगळीकडे विचारा. कृतीही विचारा. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं ७ मार्च २०१७ ला प्राध्यापक साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपात दोषी ठरवलं, त्यात संगणकातल्या साहित्याचा भार मोठा होता. त्यातला एक आरोपी कैदेत असतानाच मेला. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. एखादा विचार वाचणं, उतरवून घेणं, एवढ्यानं गुन्हा होत नाही, ठरावीक हिंसक कृत्याशी धागा दाखवावा लागतो, असं न्यायालय म्हणालं. निकाल यायला सात वर्षं गेली आणि सुटल्यावर सात महिन्यांत साईबाबा गेले. पण तत्त्व उभं राहिलं.

मास्तर : थांबा. एका बाजूचे झालो असं इतक्यात म्हणू नका. मला देसाईगंजला जायचं आहे. मन विचारण्याचा तुमचा आग्रह तिथं कुणाच्या कामी आला ते पाहू.

वकील : २६ मार्च १९७२.

मास्तर : हो. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात. सोळा वर्षांच्या आतबाहेरची, मजुरी करणारी आदिवासी मुलगी, रात्री पोलीस ठाण्यात. खटला तिच्या नावानं प्रसिद्ध आहे, मी नाव घेत नाही. बलात्काराच्या खटल्यात दोन पोलीस आरोपी. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये त्यांना सोडलं. नागपूरला उच्च न्यायालयानं दोषी धरलं, भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती नव्हती असं म्हणता येत नाही. आता सांगा, तुमच्या दोषी मनाचा तपास कुठं झाला? बाहेर भाऊ आणि नातेवाईक उभे असताना दार लावून घेणाऱ्या त्या वर्दीतल्या माणसांच्या मनात काय होतं, ती हो म्हणते आहे असं त्यांना कशावरून वाटलं, हे कुणी विचारलं? मन तपासलं गेलं ते तिचं. आणि तेही कातडीवर ओरखडे शोधून.

वकील : या निकालाचा बचाव मी कधीच केला नाही. १९७९ च्या सप्टेंबरात चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. संमती आणि शरण जाणं यातला फरक न्यायालयाला कसा दिसला नाही, हेच त्यांनी विचारलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्यात, कोठडीत, सत्तेच्या आवारात असं घडलं आणि संबंध झाल्याचं सिद्ध झालं, तर बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली की न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं. उलट सिद्ध करायचं ते आरोपीनं.

मास्तर : गृहीत धरायचं. आता लक्षात येतंय का, आपण कुठं आलो? हा ठाण्यासाठीचा बदल मला न्याय्य वाटतो, आणि वाघनखाचं गृहीतक मला अन्याय्य वाटतं. पण अवजार एकच आहे. दोन्हीकडं कायदा म्हणतो, सिद्ध करायचं ओझं इकडून उचलून तिकडं ठेवा. मग मी आतापर्यंत ज्यावर चिडत होतो ते अवजार वाईट, असं मला म्हणता येत नाही.

वकील : आणि मला, मन विचारणं हे नेहमी दुबळ्याचं रक्षण करतं, असं म्हणता येत नाही. दुबळा आरोपीच्या पिंजऱ्यात असेल तर करतं. तो फिर्यादी असेल, तर तीच ढाल समोरच्याच्या हातात असते. पण तुमचं दुसरं टोकही मला घेता येत नाही. ओझं कुणी वाहायचं हे माणूस दुबळा की बलवान यावर ठरवू लागलो, तर आधी ते ठरवणारा कोण? चंद्रपूरच्या कोर्टात मी असे फिर्यादी पाहिले आहेत, जे गरीबही होते आणि खोटंही बोलत होते.

मास्तर : माणसावर नको, जागेवर ठरवा. ज्याच्या हातात दाराची कडी होती, त्यानं आपलं मन उघडून दाखवावं. ठाण्यात कडी पोलिसाच्या हातात होती. जंगलात जप्तीचा कागद लिहिणारा हात वनरक्षकाचा असतो, ज्याच्या झोपडीत नख सापडलं त्याचा नसतो.

वकील : आणि बांधीत? तिथं तार कुणाच्या हातात होती?

मास्तर : शेतकऱ्याच्या. हे मला टाळता येत नाही.

वकील : तर मग तुमच्याच नियमानं त्यानं सिद्ध करावं, की माणूस मरेल याची त्याला जाणीव नव्हती. अंधारात, आकडा टाकून, उघडी तार. सौर कुंपणाचा झटका जनावराला हुसकावतो, मारत नाही. ते मिळतं, त्याला अनुदानही आहे. ते यानं घेतलं नाही. मी सरकारी वकील असतो तर इथंच थांबलो असतो.

मास्तर : अनुदान मंजूर होईपर्यंत धान कापणीला येतं. पण ते बाजूला ठेवतो, तो बचाव नाही. मी दुसरी गोष्ट सांगतो. असा एक माणूस मला ठाऊक आहे, नाव-गाव राहू द्या. तार लावायला निघताना त्यानं बायकोला बजावलं होतं, "पोरांना धुऱ्याकडं जाऊ देऊ नकोस." त्याच तारेवर नंतर शेजारचा म्हातारा गेला. बायकोनं हे वाक्य पोलिसांना आपणहून सांगितलं. नवरा काळजी घेणारा आहे, त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे त्यांना कळावं म्हणून. हे वाक्य त्याला वाचवतं की बुडवतं?

वकील : आरोपीचा वकील म्हणून उभा राहिलो तर म्हणेन, पाहा, हा सावध माणूस आहे, त्याला कुणाला इजा करायची नव्हती. सरकारचा वकील म्हणून उभा राहिलो तर त्याच वाक्यावर बोट ठेवीन. जी तार माणूस मारू शकते हे त्याला ठाऊक नव्हतं, तिच्यापासून तो आपली पोरं का दूर ठेवत होता?

मास्तर : आणि न्यायाधीश म्हणून?

वकील : त्या बाईला एवढंच विचारीन, की हे त्यानं फक्त घरात सांगितलं, की शेजारच्या ओसरीवर जाऊनही सांगितलं.

मास्तर : आकडा टाकलेला, वकीलसाहेब. चोरीची वीज. ओसरीवर जाऊन कसं सांगणार?